साडेबाविसाव्या वर्षी उशीर

वायुदलाच्या फ्लाइंग ब्रँचसाठी अर्ज करायचा विचार आहे, पण जरा उशीरच झालाय, असं मी ऑफिसात म्हणाले तेव्हा सगळे हसले. साहजिक आहे. आमच्या टीममध्ये पस्तिशीला एमबीए करणारे आहेत, चाळिशीत मॅरेथॉन धावायला लागलेले आहेत. त्यांच्यात बसून साडेबावीस वर्षांची मुलगी 'उशीर' म्हणत असेल तर हसू येणारच. पण लष्करी पायलट व्हायचं तर हे वय खरंच काठावरचं आहे. आणि काठ नेमका कुठे आहे हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून आधी तेच सांगते.

पदवीनंतर वायुदलात पायलट म्हणून शिरायचा मुख्य रस्ता म्हणजे एएफकॅट. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. फ्लाइंगसाठी वय २० ते २४, ग्राउंड ड्युटीसाठी, म्हणजे न उडता जमिनीवर करायच्या कामांसाठी, २६ पर्यंत. पण हे वय फॉर्म भरतानाचं नाही आणि परीक्षेच्या दिवसाचंही नाही. कोर्स ज्या तारखेला सुरू होतो त्या तारखेला मोजतात, आणि कोर्स सुरू होतो परीक्षेनंतर जवळपास वर्षभराने. २०२५ च्या दुसऱ्या एएफकॅटचे फॉर्म जूनमध्ये निघाले, परीक्षा ऑगस्टमध्ये झाली, वय मात्र मोजायचं १ जुलै २०२६ रोजीचं. म्हणजे जन्म २ जुलै २००२ च्या आधीचा असेल तर विषय संपला. २०२६ च्या पहिल्या परीक्षेला हीच रेघ सरकून २ जानेवारी २००३ वर येते. माझा जन्म नोव्हेंबर २००२ चा. मी गंभीरपणे शोधाशोध सुरू केली तेव्हा २०२५ ची पहिली परीक्षा होऊन गेली होती. हातात उरली एक.

गंमत म्हणजे २ जानेवारी २००३ ही तारीख माझ्या वाटेत आधीही एकदा आली होती. मी बारावी झाले तेव्हा एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर लष्करी अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं, दार मुलींना बंदच होतं. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेला बसू द्यायला सांगितलं, आणि त्या नोव्हेंबरात मुली पहिल्यांदा एनडीएच्या परीक्षेला बसल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. बातमी वाचून लगेच जाहिरात उघडली. जन्म २ जानेवारी २००३ च्या आधीचा नको. दीड महिन्याने हुकलं. त्या पहिल्या तुकडीतल्या मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या, त्यांचे फोटो मी ठाणे स्टेशनवर ऐरोलीच्या गाडीची वाट बघत पाहिले. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. बहुधा त्याच आठवड्यात मी एएफकॅटच्या तारखा शोधल्या.

लोक विचारतात, घाटकोपरला राहतेस, डोक्यावरून सारखी विमानं जातात, त्यातून हे वेड लागलं का? अजिबात नाही. पंतनगरात विमान ही टीव्हीचा आवाज वाढवायला लावणारी गोष्ट आहे, बाकी काही नाही. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर वायुदलाच्या कसरती झाल्या तेव्हा मात्र मी गेले होते. सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं समुद्रावरून वळून आली, गर्दी ओरडली, आणि मी ओरडायचं सोडून बघत होते की डावीकडच्या टोकाचं विमान वळताना आतल्या विमानांपेक्षा किती जास्त अंतर कापतंय आणि तरी रांग सोडत नाहीये. मेकॅनिकलची मुलगी, दुसरं काय बघणार. पण घरी येताना हे करणारा माणूस दिवसभर नेमकं काय करत असेल, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

इंटरनेटवर शोधायला बसलात तर एक लक्षात ठेवा, निम्मी माहिती अमेरिकेची असते. त्यांच्या हवाई दलात पायलट प्रशिक्षणासाठी ३३ वर्षांपर्यंत चालतं. ते वाचून दिलासा घेऊ नका. आपल्याकडे तिशीत सुरुवात करून लढाऊ विमानात बसायचा रस्ता नाही. त्यामागे कारण आहे. आधी हैदराबादजवळ दुंडिगलची अकादमी, तिथे पिलाटस या शिकाऊ विमानावर सुरुवात. मग प्रवाह वेगळे होतात, लढाऊ विमानांकडे जाणारे बिदरला हॉकवर, वाहतूक विमानांचे येलहंक्याला, हेलिकॉप्टरचे हाकिमपेठला. त्यानंतर स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर पुन्हा शिकणं असतंच. माणूस पुरता तयार व्हायला इतकी वर्षं जाणार असतील तर संस्था तरुण माणूस घेणार, हे उघड आहे. मला हा नियम अन्यायाचा वाटत नाही. हा नियम दहावी-बारावीच्या मुलींना कुणी सांगत नाही, हे मात्र खटकतं.

ठाण्यातल्या एका क्लासमध्ये मी चौकशीला गेले. समोरच्या माणसाने जन्मतारीख ऐकली आणि म्हणाला, "मॅडम, वयात सूट मिळते, ते नंतर बघू, आधी ॲडमिशन घ्या." सूट मिळते हे खरं आहे, पण डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा, चालू कमर्शियल पायलट परवाना ज्याच्याकडे आहे त्याला, २६ पर्यंत. तो परवाना काढायचा खर्च त्या क्लासच्या फीच्या कितीतरी पट आहे. ते त्याने सांगितलं नाही. मी पावती न फाडता बाहेर पडले.

आणि मग मी जे केलं तेच प्रत्येकाने आधी करावं असं माझं ठाम मत आहे. पुस्तक नाही, क्लास नाही. टेप आणि डोळे.

फ्लाइंगसाठी शरीराची मापं ठरलेली आहेत आणि ती कॉकपिटमुळे ठरलेली आहेत, त्यात कुणाची मर्जी नाही. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर. बसलेली उंची ८१.५ ते ९६. पायाची लांबी ९९ ते १२०. मांडी ६४ च्या वर नको. उंची सगळ्यांना आपापली माहीत असते, पायाची लांबी कुणालाच माहीत नसते. ती कमरेपासून खाली अशी घेत नाहीत. भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून जमिनीवर बसायचं, पाय समोर ताठ करायचे आणि भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंत मोजायचं.

आमच्या घरी टेपची कमी नाही. आई ब्लाऊज शिवते. स्वयंपाकघराच्या दारामागे मोकळी भिंत आहे, तिथे मी बसले. आईने टेपचं टोक भिंतीला लावलं आणि सवयीने म्हणाली, "पोट आत ओढू नकोस, जसं आहे तसं राहू दे." तिच्या गिऱ्हाइकांना ती हेच सांगते. टेप गुडघ्यावर वर जात होता म्हणून तिने गुडघ्यावर तळहात दाबून ठेवला. साडेएकोणचाळीस इंच. मी मोबाइलवर गुणाकार केला, शंभराच्या किंचित वर. पुन्हा मोज म्हटलं. पुन्हा तेवढंच. एक-सव्वा सेंटिमीटरने मी आत होते. उंची १६४, तीही काठावरच. आईला त्या आकड्यांचं काही नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिला कळलं की हे नुसतं कुतूहल नाही. टेप गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "म्हणजे तू जाणार आहेस का?" मी म्हटलं, अजून मापातच आहे.

डोळ्यांचं दादरला एका डॉक्टरांकडे दाखवलं. आधीच सांगितलं की चष्म्याचा नंबर काढायला आले नाहीये, थेंब घालून पूर्ण तपासा, जवळचा नंबर अगदी बारीक असला तरी मला कळायला हवा. फ्लाइंगला मायोपिया अजिबात चालत नाही. रंग ओळखण्याची कसोटीही सगळ्यात वरच्या दर्जाची लागते. माझा कॉलेजचा एक मित्र क्लासची पूर्ण फी भरून, सहा महिने गणितं सोडवून मग डॉक्टरांकडे गेला होता. उणे अर्धा नंबर निघाला. तो आता ग्राउंड ड्युटीची तयारी करतोय आणि त्याचं चांगलं चाललंय, पण उडायचं राहिलं. माझे डोळे निघाले स्वच्छ. थेंबांमुळे दिवसभर सगळं धूसर दिसत होतं, परतताना दादर स्टेशनचा इंडिकेटर वाचता येईना, शेजारच्या बाईंना विचारलं, "ठाणा स्लो कुठल्या प्लॅटफॉर्मला?" पायलट व्हायला निघालेली मी.

घरच्यांचा प्रश्न मला वाटला होता तितका मोठा झाला नाही. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत, सरकारी नोकरी म्हटल्यावर त्यांचा अर्धा विरोध तिथेच विरघळला. पण ही नोकरी कायमची नाही, हे त्यांना सांगावं लागलं. एएफकॅटमधून फ्लाइंगला शॉर्ट सर्व्हिस मिळते, १४ वर्षांची, पेन्शन नाही. म्हणजे चाळिशीच्या आसपास मी परत बाहेर. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "चाळिशीत पायलट बाहेर आला तर त्याला काम मिळेल की." ते बरोबरच आहे. प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये मिळतात हा आकडा मी मुद्दाम सांगितला, कारण माझा तेव्हाचा हातात येणारा पगार त्याहून काही फार वेगळा नव्हता. मावशीचं काम तर एका नियमानेच झालं. पंचविशीच्या आतला उमेदवार अविवाहित हवा आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हे कळल्यावर तिने पाठवायला काढलेली बायोडेटाची पीडीएफ परत घेतली. हा एकच फायदा असता तरी मी परीक्षेच्या फीचे ५५० रुपये आणि वर जीएसटी आनंदाने भरला असता.

नोकरी सोडायची की नाही यावर मात्र मी आठवडेच्या आठवडे घालवले. तयारी करणारे बरेच जण सांगतात, पूर्ण झोकून द्यावं लागतं. मी सोडली नाही. एक तर परीक्षा तितकी अवघड नाही. शंभर प्रश्न, दोन तास, बरोबरला तीन, चुकीला वजा एक. इंग्रजी, अंकगणित, तर्क, सामान्य ज्ञान. इंजिनिअरला सामान्य ज्ञान सोडून बाकी जमतं. घाटकोपर ते ठाणे आणि पुढे ट्रान्स-हार्बरने ऐरोली, या प्रवासात चालू घडामोडी वाचून झाल्या. दुसरं म्हणजे, परीक्षेनंतरची गाळणी अशी आहे की तिच्यासाठी घरी बसून काही करता येत नाही. धावणं, पुशअप, पुलअप हे सकाळी मैदानावर. पुलअपला मी सुरुवातीला नुसती लटकून राहायचे, कबूतरं बघायची. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची, म्हणजे लेखी परीक्षेनंतर अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाची, तयारी राहण्या-जेवणासकट मोफत करून घेतात, चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. मला तेवढी रजा नव्हती. ज्यांना असेल त्यांनी खासगी क्लासच्या आधी तिथे विचारावं.

परीक्षा झाली, निकाल लागला, मुलाखतीसाठी मी मैसूर निवडलं. दादरहून शरावती एक्सप्रेस जाते, पहिल्यांदा बोर्डाला जाणाऱ्याला थ्री टियर एसीचं भाडं परत मिळतं.

मैसूरला पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त जण परत जातात. सकाळी तर्काचे पेपर, मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग सगळ्यांनी मिळून एका गोष्टीवर यायचं. हा शेवटचा भाग म्हणजे सगळे एकदम बोलणार. माझ्या गटात एक मुलगी होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, अमरावतीची. सगळ्यांचा आवाज वर गेला की ती गप्प बसायची, आणि कुणी श्वास घ्यायला थांबलं की एक वाक्य टाकायची. आम्ही दोघी आत राहिलो. वरचा आवाज काढणारे बरेचसे संध्याकाळच्या आत बसमध्ये.

तिथे उशिराचा अर्थ मला नव्याने कळला. बाकीच्या मुली वीस-एकवीसच्या, त्यांना ही पहिली किंवा दुसरी वेळ होती आणि पुढे अजून वेळा होत्या. त्या नापास होण्याबद्दल जेवताना मोकळेपणी बोलायच्या. माझ्या ताटात पुढची वेळ नव्हती. त्याने दडपण यावं असं वाटेल, पण झालं उलटं. मला कुणासारखं दिसायची घाई नव्हती.

मैदानावरच्या कामांत एक अडथळा असा होता की दोन खांबांमधलं अंतर फळीपेक्षा जास्त. हाताशी एक फळी, एक बल्ली, एक दोर. पांढरा रंग दिलेल्या भागाला हात-पाय लावायची परवानगी, लाल भागाला कुणीही काहीही लावायचं नाही, खाली जमीन म्हणजे खाईच. फळी पुढे सरकवून एका टोकावर वजन ठेवलं की दुसऱ्या टोकावरून माणूस पुढे जाऊ शकतो, हे मला पाहताक्षणी दिसलं, चार वर्षं तेच शिकलेय. मी बोलले आणि स्वतः मागच्या टोकावर बसले. एक, दोन, तीन जणी पुढे गेल्या. मग अमरावतीवाली वळून म्हणाली, "ताई, तुम्ही कशा येणार?" ताई! ते मी बघितलंच नव्हतं. वजन म्हणून बसलेला माणूस शेवटी मागेच राहतो. मग तिनेच बल्ली मागे सरकवली, दोराने फळीला बांधली, आणि मी आले. अधिकारी बाजूला उभे राहून लिहीत होते. काय लिहिलं कुणास ठाऊक.

मुलाखत घेणारे अधिकारी शांत होते. सुरुवातीला ते एकामागोमाग एक असे दहा-बारा प्रश्न एका दमात विचारतात, दहावीपासून टक्के, आवडते शिक्षक, न आवडते शिक्षक, मित्र, नोकरी, साहेब, रिकामा वेळ. ते लक्षात ठेवून ओळीने उत्तर द्यायचं. नोकरीवर बराच वेळ थांबले. कंपनीत कुणाशी पटत नाही आणि तुम्ही त्याचं काय केलंत, हा प्रश्न कॉलेजच्या मुलीला विचारून उपयोग नसतो. मला होता. मग म्हणाले, तुम्ही इंजिनिअर आहात, ग्राउंड ड्युटी टेक्निकलसाठी पात्र होता, दोन वर्षं जास्तही मिळाली असती. फॉर्ममध्ये फक्त फ्लाइंग का?

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्याचं छापील उत्तरही माहीत होतं. सेवा, गणवेश, कुठेही पाठवा. ते मी दिलं नाही. म्हटलं, सर, विमानं दुरुस्त करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मी तेच काम खासगीत करतेय असं समजा. पण मला ते सोडून यायचंय. न उडता यायचं असतं तर मी आले नसते. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, बहुतेक मुंबईच्या पावसाबद्दल.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. खोलीत सगळे अधिकारी बसलेले, आपण मधोमध खुर्चीत, राहणं-जेवण कसं होतं असे दोन-चार प्रश्न. मग सगळ्यांना बाहेर बसवून छातीवरचे नंबर वाचतात. माझा नंबर वाचला नाही. अमरावतीच्या मुलीचा वाचला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि काय करावं ते तिला कळेना, म्हणून मीच तिला ढकललं, जा. निवड न होण्याचं कारण बोर्ड सांगत नाही. अनेकांनी नंतर माझ्या त्या उत्तरावर बोट ठेवलं. मला तसं वाटत नाही, पण मी त्याचा कीस पाडायचाही सोडून दिलाय. ज्यांचे नंबर वाचले त्यांची पुढे सीपीएसएस नावाची चाचणी असते, स्टिक आणि पेडल घेऊन संगणकासमोर, पायलटची उपजत हातोटी बघणारी. ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की फ्लाइंग कायमचं बंद. मी तिथपर्यंत गेलेच नाही, त्यामुळे माझी ती एक संधी अजून कोरी आहे. अब्दुल कलाम डेहराडूनच्या बोर्डात पंचवीसमध्ये नववे आले आणि जागा आठच होत्या, हा किस्सा मला त्या आठवड्यात किमान पाच जणांनी सांगितला. कुणाचंही समाधान करण्यासाठी तो काढतात. पण जो नववा आला तो कलाम होता, हे त्यात राहूनच जातं.

खरा निर्णय परत आल्यावर घ्यायचा होता. एएफकॅटचा दरवाजा बंद, पण दोन बाजूच्या वाटा उरल्या होत्या.

पहिली बाबांनी काढली. परवाना असला की २६ पर्यंत चालतं ना, मग काढ परवाना, माझी ग्रॅच्युइटी पडूनच आहे. आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. २६ च्या आत बसणारा माझा शेवटचा कोर्स जुलै २०२८ चा. म्हणजे २०२७ च्या मध्यात फॉर्म. म्हणजे त्याआधी परवाना हातात हवा. परवान्याला २०० तास उड्डाण, डीजीसीएचे लेखी पेपर, आधी दुसऱ्या आणि मग पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. दीड वर्षात होऊ शकतं, पाऊस, विमानांची उपलब्धता आणि परीक्षांच्या तारखा सगळं मनासारखं झालं तर. खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा वरच. आणि एवढं करून पुन्हा तोच बोर्ड, तीच खुर्ची. वायुदलाच्या एका संधीसाठी म्हणून हे करायचं असेल तर तो जुगार आहे, असं मी बाबांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण आकडे त्यांनीच मांडले होते.

दुसरी वाट आर्मीची. इंजिनिअर मुलींना शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलमध्ये २७ पर्यंत जाता येतं, लेखी परीक्षाही नाही, टक्क्यांवर बोलावतात. आणि आर्मीचं स्वतःचं एव्हिएशन, म्हणजे हेलिकॉप्टरचं दल आहे, १९८६ पासून, त्यांची उड्डाणशाळा नाशिकला. आर्मीतून एव्हिएशनला जाता येतं. कॅप्टन अभिलाषा बराक आधी एअर डिफेन्समध्ये होत्या, मे २०२२ मध्ये नाशिकहून आर्मीच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. कागदावर ही वाट माझ्यासाठीच आखल्यासारखी होती. फॉर्मची तारीखही समोर होती.

माझा मामा साताऱ्याकडे असतो, अपशिंगे मिलिटरी नावाच्या गावाशेजारी. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. मी त्याला फोन न करता भेटायला गेले, कारण फोनवर तो फक्त हवामान बोलतो. सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पोरी, तुला आर्मीत यायचंय का हेलिकॉप्टरात बसायचंय?"

मी म्हटलं, आर्मीतून हेलिकॉप्टरात.

"ते तुझ्या हातात नसतंय. मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर दहा वर्षं तुझ्या हाताखाली पोरं असतील. कुणाची रजा अडकलीय, कुणाची बायको आजारी हाय, कुणी बापाशी भांडून आलाय, ते तुला ठावं पाहिजे. साहेबाचं चित्त दुसरीकडं असलं की जवानाला कळतं. लई लवकर कळतं."

मग त्याने एका साहेबाची गोष्ट सांगितली, ती इथे लिहायची नाही. पण येताना एसटीत मी तीच घोळवत होते. मैसूरला मी खरं बोलले होते, न उडता यायचं असतं तर आले नसते. दोन महिन्यांत ते खोटं झालं नव्हतं. तेच घेऊन आर्मीच्या बोर्डासमोर बसायचं म्हणजे एकतर पुन्हा तेच सांगायचं, आणि मग त्यांनी मला का घ्यावं, नाहीतर या वेळी छापील उत्तर द्यायचं. माझ्या जागी मनापासून आर्मीच्या सिग्नल्स किंवा इंजिनिअर्समध्ये जाऊ पाहणारी कुणी मुलगी असेल. मी फॉर्म भरला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, तुला देशसेवा नको होती, नुसतं उडायचं होतं. असेल तसं. पंचविशीच्या आत हे कळलं, मला चालतं. ज्याला दोन्हीतलं काहीही चालेल त्याच्यासाठी २७ पर्यंत भरपूर दारं आहेत आणि त्याने मुळीच थांबू नये. माझ्या त्या मित्राला उणे अर्धा नंबर निघाल्यावर एका संध्याकाळीच कळलं होतं की त्याला वायुदल हवंय, विमान नसलं तरी. मला वाटतं तो माझ्यापेक्षा चांगला अधिकारी होईल.

सध्या मी डीजीसीएच्या पेपरांना लागणारा कॉम्प्युटर नंबर काढलाय. कमर्शियल परवान्याला वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे आता घाई माझी मी ठरवते. हवामानशास्त्र आणि एअर रेग्युलेशन्स हे दोन पेपर नोकरी करत देता येतात, पास व्हायला ७० टक्के लागतात. नेव्हिगेशन जड आहे, ते नंतर. दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पुढच्या महिन्यात. फ्लाइंग स्कूलचे पैसे कुठून आणायचे यावर घरी एकमत नाही. बाबांचं म्हणणं ग्रॅच्युइटी घे, माझं म्हणणं आधी पेपर सुटू देत, मग शैक्षणिक कर्ज बघू. आईचं म्हणणं, दोघंही आधी जेवून घ्या.